आठवी ते दहावीचं गणित: पालक आणि विद्यार्थी पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

ही उत्तरं प्रामुख्याने महाराष्ट्र राज्य मंडळाच्या, मराठी आणि सेमी माध्यमाच्या मुलांसाठी आहेत. पाया, सराव आणि चुकांबद्दलचा भाग कुठल्याही बोर्डाला लागू पडेल. चलासाठी इथे ‘क्ष’ आणि ‘य’ वापरले आहेत. पुस्तकात त्यांच्या जागी एक्स आणि वाय असतात.

सातवीपर्यंत बरे गुण होते. आठवी-नववीत एकदम घसरगुंडी का होते?

बहुतेक वेळा ती ‘एकदम’ नसते. सातवीपर्यंतच्या गणितात शेवटी एक संख्या मिळते आणि रीत पाठ असली की काम भागतं. अपूर्णांकांची बेरीज का तशी करायची हे कळलं नाही, तरी समच्छेद करण्याच्या पायऱ्या लक्षात ठेवून पाचसहा उदाहरणं बरोबर येतात. आठवीपासून त्याच अपूर्णांकात क्ष येऊन बसतो. पाठ केलेल्या पायऱ्या मग कामाला येत नाहीत, कारण अंश आणि छेद यांचं नातं कधी समजलेलंच नसतं.

नववी-दहावीत अडणारी बहुसंख्य मुलं नववी-दहावीच्या धड्यात अडलेली नसतात. ती चारपाच जुन्या जागी अडलेली असतात: अपूर्णांक, ऋण संख्या, कंस सोडवणं, समीकरणात पद एका बाजूकडून दुसरीकडे नेणं, आणि गुणोत्तर-शेकडेवारी. वर्गसमीकरणाचं उदाहरण चुकलं म्हणून आपण वर्गसमीकरणं पुन्हा शिकवतो. प्रत्यक्षात चूक वजा गुणिले वजा इथे झालेली असते. म्हणून जास्त तास बसवण्याआधी जागा शोधावी.

कच्चं नेमकं कुठे आहे, हे घरच्या घरी कसं कळेल?

खालची दहा उदाहरणं एका कागदावर लिहून द्या. वेळ २५ मिनिटं, कॅल्क्युलेटर नाही. उत्तर बरोबर की चूक यापेक्षा कोणतं चुकीचं उत्तर आलं, ते पाहा. तिथेच निदान होतं.

१. ३/४ + २/५. बरोबर उत्तर २३/२०. ५/९ आलं तर अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला आहे. अपूर्णांक ही एकच संख्या आहे, हे मनात बसलेलं नाही.

२. −७ − (−३). उत्तर −४. −१० आलं तर दोन वजा शेजारी आल्यावर गोंधळ आहे.

३. (−३)² आणि −३². उत्तरं ९ आणि −९. दोन्हीकडे ९ लिहिणारी मुलं पुढे वर्गसमीकरणाच्या सूत्रात हमखास अडतात.

४. २ − ३(क्ष − ४). उत्तर १४ − ३क्ष. −१० − ३क्ष आलं तर कंसातल्या दुसऱ्या पदाचं चिन्ह बदललं नाही. −क्ष + ४ आलं तर २ मधून ३ आधी वजा केले, म्हणजे क्रियांचा क्रमच पक्का नाही. या दोन चुकांवरचे उपाय वेगवेगळे आहेत.

५. ४क्ष = १०. उत्तर २.५. काही जण ६ लिहितात. ‘बाजू बदलली की चिन्ह बदलतं’ एवढंच पाठ असल्याचा तो परिणाम.

६. ८०० रुपयांच्या वस्तूवर १५ टक्के सूट. मग नव्या किमतीवर १५ टक्के वाढ. पुन्हा ८०० होतील का? नाही. आधी ६८०, मग ७८२. ‘हो’ म्हणणाऱ्या मुलाला शेकडा कशाचा काढायचा, हा प्रश्न पडलेला नसतो.

७. ६४० रुपये ३ : ५ या प्रमाणात वाटा. २४० आणि ४००.

८. ०.३ × ०.२. उत्तर ०.०६.

९. √(९ + १६). उत्तर ५. ७ आलं तर वर्गमूळ बेरजेवर वाटून टाकलं आहे; (अ + ब)² = अ² + ब² लिहिणारं मूल हेच असतं.

१०. आयताची परिमिती ३० सेमी, लांबी ९ सेमी. क्षेत्रफळ किती? रुंदी ६, क्षेत्रफळ ५४ चौसेमी. रुंदी २१ काढली तर परिमितीची आकृती डोळ्यांसमोर नाही.

तपासताना चुकीची फुली मारून गुण देऊ नका. जे उत्तर चुकलं तिथे ‘हे कसं केलंस, बोलून दाखव’ एवढंच म्हणा आणि मध्ये बोलू नका. निम्म्या चुका मूल बोलता बोलता स्वतःच पकडतं, त्या घाईच्या. बोलूनही जी चूक त्याला चूक वाटतच नाही, ती खरी दुरुस्तीची जागा.

पाया कच्चा निघाला. पण पोर्शन पुढे पळतोय, मागे जायला वेळ कुठे आहे?

सहावी-सातवीचं अख्खं पुस्तक पुन्हा करायचं नाहीये. चाचणीत सापडलेल्या दोनतीन जागांवर रोज २० मिनिटं, तीन ते चार आठवडे. क्रम असा ठेवा: अपूर्णांक, मग ऋण संख्या, मग कंस, मग साधी समीकरणं, शेवटी गुणोत्तर आणि शेकडेवारी. क्रम महत्त्वाचा आहे, कारण समीकरणात पहिली तीनही लागतात.

जुनी पुस्तकं विकत घ्यायची गरज नाही. बालभारतीच्या संकेतस्थळावर सगळ्या इयत्तांची पाठ्यपुस्तकं पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. त्यातला तेवढाच घटक काढा आणि रोज आठ उदाहरणं घ्या. आठपैकी सात बरोबर, आणि तेही सलग दोन दिवस, असं झालं की पुढच्या घटकाकडे जा. एका दिवशी आठपैकी आठ आले म्हणून सोडू नका; त्या दिवशी रीत ताजी असते.

शाळेत जे चालू आहे ते या काळात बंद ठेवायचं नाही. जुनं आणि चालू यांची सांगड घालता आली तर उत्तम. वर्गात बहुपदी चालू असेल तर घरी कंस आणि चिन्हं घ्या. अर्थनियोजन चालू असेल तर शेकडेवारी.

पाढे पाठ नसले तर चालतं का?

बारापर्यंत अडखळता कामा नये, आणि वीसपर्यंतचे वर्ग तोंडावर हवेत. कारण अगदी व्यावहारिक आहे. क्ष² − १५क्ष + ५४ = ० सोडवताना गुणाकार ५४ आणि बेरीज १५ येईल अशा दोन संख्या हव्यात. सहा नवे चोपन्न ज्याच्या जिभेवर आहे त्याला त्या लगेच दिसतात. बाकीचे सूत्राकडे वळतात, तीन मिनिटं जास्त घालवतात आणि वाटेत एखादं चिन्ह सांडतात. दहावीतल्या मुलाला पुन्हा पाढे म्हणायला लावणं अपमानास्पद वाटत असेल तर उलटे विचारा: ७२ कशाकशाने भागता येतात? ९६ च्या जोड्या सांग. अवयव पाडताना लागतं ते हेच.

रोज किती वेळ आणि किती उदाहरणं?

रोज ४० ते ४५ मिनिटं, आठवड्यातून सहा दिवस. रविवारी सलग चार तास बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण मधल्या दिवसांत थोडं विसरून पुन्हा आठवण्यातच ते पक्कं होतं.

वेळेची विभागणी अशी: पहिली पाच-सात मिनिटं वही न उघडता कालची रीत किंवा सूत्रं कोऱ्या कागदावर लिहायची. मग वीस मिनिटं चालू धड्यातली चार ते सहा उदाहरणं. उरलेला वेळ जुन्या धड्यांतली तीन उदाहरणं, वेगवेगळ्या धड्यांतून, क्रम न लावता उचललेली.

हा शेवटचा भाग सगळे गाळतात आणि तिथेच परीक्षेत फटका बसतो. सरावसंचातली सगळी उदाहरणं एकाच प्रकारची असतात. वर मथळाच असतो, त्यामुळे कोणती रीत वापरायची हे ठरवावं लागत नाही. परीक्षेत मथळा नसतो. रीत ओळखण्याचा सराव वेगळा करावा लागतो, आणि त्यासाठी धड्याच्या शेवटी असलेला संकीर्ण प्रश्नसंग्रह ही सर्वात चांगली, आणि सर्वात दुर्लक्षित, जागा आहे.

गाईड पाहून सगळं समजतं, पण परीक्षेत सुचत नाही. असं का?

सोडवलेलं उदाहरण वाचताना प्रत्येक ओळ पटते, पण पुढची ओळ आपण शोधलेली नसते. पटणं आणि सुचणं ही दोन वेगळी कामं आहेत.

गाईड फेकून देऊ नका, वापरण्याची पद्धत बदला. नवा प्रकार असेल तर आधी दोन सोडवलेली उदाहरणं नीट वाचा आणि प्रत्येक पायरीशेजारी पेन्सिलने ‘हे का’ ते दोन शब्दांत लिहा. मग तेच उदाहरण झाकून स्वतः करा. त्यानंतर सरावसंच. अडलात तर निदान पाच मिनिटं झुंजा: आकृती काढा, काय दिलंय आणि काय हवंय ते लिहा, त्या धड्यातली सूत्रं आठवा. तरी नाही सुचलं तर पट्टी सरकवत फक्त पुढची एक ओळ पाहा आणि पुन्हा झाका. जिथे पाहावं लागलं तिथे खूण करा. ते उदाहरण दोन दिवसांनी आणि मग आठवड्याने पुन्हा, काही न पाहता करायचं.

आणि पंधरा मिनिटांनंतरही हलत नसेल तर सोडून पुढे जा. तासभर एकाच उदाहरणाशी डोकं आपटण्यात दहावीच्या मुलाचा फारसा फायदा नाही.

‘सिली मिस्टेक’ खूप होतात. त्या कशा थांबवायच्या?

आधी हा शब्द वापरणं थांबवा. ‘सिली’ म्हटलं की शोध संपतो. बहुतेकांच्या चुका दोनतीन ठरावीक प्रकारच्या असतात आणि पुन्हा पुन्हा त्याच होतात.

त्यासाठी चुकांची वही ठेवा. पातळ शंभर पानी पुरते. प्रत्येक चुकीला चार ओळी: चुकलेली पायरी जशीच्या तशी, बरोबर पायरी, चुकीचा प्रकार, आणि तारीख. प्रकार चारच पुरेत: संकल्पना, चिन्ह, उतरवून घेताना, प्रश्न वाचताना. महिनाभरात चित्र स्पष्ट होतं. कुणाच्या बहुतांश चुका पानावरून पानावर उतरवताना होतात. त्यांनी कच्चं काम वेगळ्या कागदावर न करता उत्तराशेजारी समास आखून करावं. कुणी एका ओळीत तीन पायऱ्या उरकतात. त्यांनी दर ओळीत एकच बदल करावा. चिन्हांच्या चुका करणाऱ्यांनी कंस सोडवण्याची ओळ कधीच तोंडी करू नये.

ताळा हा दुसरा उपाय. समीकरण सोडवलं की उत्तर मूळ समीकरणात घालायला अर्धं मिनिट लागतं. दोन समीकरणं असतील तर दोन्हींत घाला. एकात बसणारं उत्तर दुसऱ्यात फसू शकतं.

बीजगणिताच्या पेपरात गुण नेमके कुठे जातात?

दहावीच्या सध्याच्या पुस्तकातल्या धड्यांनुसार सांगायचं तर:

*दोन चलांतील रेषीय समीकरणे.* क्रेमरच्या पद्धतीत समीकरणं आधी ‘क्ष चं पद, य चं पद, बरोबर स्थिर संख्या’ अशा रूपात आणली नाहीत तर निश्चयक चुकीचे मांडले जातात. स्थिर संख्या डावीकडेच राहिली तर दोन्ही उत्तरांची चिन्हं उलटतात. सहगुणकांची अदलाबदल दिसली, उदाहरणार्थ ४७क्ष + ५३य = १४७ आणि ५३क्ष + ४७य = १५३, तर गुणाकार करत बसू नये. बेरीज केली की क्ष + य = ३, वजाबाकी केली की क्ष − य = १; उत्तर २ आणि १.

*वर्गसमीकरणे.* क्ष² = ५क्ष दिसलं की दोन्ही बाजूंना क्ष ने भागून ‘क्ष = ५’ लिहितात आणि शून्य हे मूळ हरवतं. सगळं एका बाजूला आणून क्ष सामाईक काढायचा. सूत्र वापरताना भागाकाराची रेघ पूर्ण अंशाखाली हवी. ती फक्त वर्गमुळाखाली ओढल्याने बरोबर चाललेलं उदाहरण शेवटच्या ओळीत चुकतं. शाब्दिक उदाहरणात वय किंवा लांबी ऋण आली तर ते मूळ का सोडलं, हे एका वाक्यात लिहावं.

*अंकगणिती श्रेढी.* चार ने भाग जाणाऱ्या दोन अंकी संख्या किती? १२ पासून ९६ पर्यंत. फरक ८४, भागिले ४ म्हणजे २१, आणि त्यात १ मिळवून २२. तो एक मिळवायचा राहतो. दुसरा गोंधळ म्हणजे ‘विसाव्या महिन्याची बचत’ आणि ‘वीस महिन्यांची बचत’: पहिल्यात पद काढायचं, दुसऱ्यात बेरीज.

*अर्थनियोजन.* लाभांश नेहमी दर्शनी किमतीवर मिळतो, बाजारभावावर नाही. १०० रुपये दर्शनी किमतीचा शेअर १२० ला घेतला आणि लाभांश १५ टक्के असेल तर हाती १५ रुपये येतात. परताव्याचा दर मात्र १२० वर काढायचा, म्हणजे १२.५ टक्के. जीएसटीमध्ये आधी सूट वजा करून करपात्र किंमत काढायची, मग कर. २००० रुपये करपात्र किमतीवर १८ टक्के म्हणजे केंद्राचे १८० आणि राज्याचे १८०, एकूण बिल २३६०.

*संभाव्यता.* उत्तर तोंडी आलं तरी नमुना अवकाश, त्यातील घटकांची संख्या आणि घटनेचा संच लिहायलाच हवा. गुण पायऱ्यांना असतात.

*सांख्यिकी.* मध्यकाच्या सूत्रात मध्यकीय वर्गाच्या आधीच्या वर्गाची संचित वारंवारता घ्यायची असते. त्याच वर्गाची घेतली की उत्तर बिघडतं. पकडायची सोपी युक्ती: मध्यक त्या वर्गाच्या मर्यादांच्या बाहेर गेला तर नक्की काहीतरी चुकलंय. २०–२९, ३०–३९ असे वर्ग दिले असतील तर आधी १९.५–२९.५ असे सलग करून घ्या.

भूमितीची सिद्धता पाठ करावी का?

पाठ्यपुस्तकातली महत्त्वाची प्रमेयं यायलाच हवीत: प्रमाणाचं मूलभूत प्रमेय, कोनदुभाजकाचं, पायथागोरसचं, वर्तुळातली अंतर्लिखित कोन, चक्रीय चौकोन, स्पर्शिका-छेदिका ही. पण अक्षरांसकट घोकू नका. एबीसीऐवजी एलएमएन नावाचा त्रिकोण थोडा तिरका काढा आणि त्यावर सिद्धता लिहा. जमली तर समजलंय. नाही जमली तर घोकंपट्टी आहे, आणि कृतीच्या रिकाम्या चौकटींत ती उघडी पडते.

लिहिताना पक्ष, साध्य, गरज असेल तर रचना, मग सिद्धता. प्रत्येक विधानासमोर कंसात कारण: ‘संगत कोन’, ‘सामाईक बाजू’, ‘एकाच कंसातील अंतर्लिखित कोन’. कारणं गाळल्यामुळे गुण जातात, आणि मुलांना वाटतं भूमिती अवघड म्हणून गेले. समरूप त्रिकोण लिहिताना शिरोबिंदूंचा क्रम जुळलाच पाहिजे. क्रम चुकला की पुढची सगळी गुणोत्तरं चुकतात. बाजूंचं गुणोत्तर २ : ३ असेल तर क्षेत्रफळांचं ४ : ९, हे दरवर्षी विसरलं जातं.

आकृती मोठी काढा, पानाच्या एक चतुर्थांश तरी. दिलेली मापं आणि समान कोन लगेच तिच्यावर लिहा. सुचत नसेल तेव्हा वाक्याकडे नाही, आकृतीकडे पाहायचं असतं.

भौमितिक रचना हा सर्वात वसूल होणारा धडा आहे. टोकदार पेन्सिल, कर्कटकाचा स्क्रू घट्ट, आधी कच्ची आकृती, आणि रचनेचे कंस पुसायचे नाहीत. कर्कटक ढिलं असेल तर कंस फेरी पूर्ण होईपर्यंत सरकतो. नवं घ्यायला पन्नास-शंभर रुपये लागतात, तिथे काटकसर नको.

त्रिकोणमितीत उंची-अंतराच्या उदाहरणात अवनत कोन क्षितिजसमांतर रेषेपासून मोजतात. मुलं तो मनोऱ्याच्या उभ्या रेषेपासून दाखवतात. महत्त्वमापनात त्रिज्या की व्यास, तिरकस उंची की लंब उंची, पाय २२/७ की ३.१४ हे प्रश्न वाचतानाच अधोरेखित करा. ३-४-५, ५-१२-१३, ८-१५-१७, ७-२४-२५ ही त्रिकुटं पाठ असतील तर बरीच वर्गमुळं काढावीच लागत नाहीत.

दहावीचा पेपर कसा असतो आणि वेळ कसा वाटायचा?

भाग १ आणि भाग २ असे दोन पेपर, प्रत्येकी ४० गुण आणि दोन तास. उरलेले २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. ४० गुणांची विभागणी: पहिला प्रश्न ८ (चार बहुपर्यायी, चार एका गुणाचे), दुसरा १२, तिसरा ९, चौथा ८, पाचवा ३. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नात मिळून ७ गुण ‘कृती पूर्ण करा’चे असतात.

म्हणजे पहिल्या तीन प्रश्नांतच २९ गुण आहेत. चौथ्या-पाचव्याच्या भीतीने रात्र जागवणाऱ्या मुलांना ही बेरीज करून दाखवा. वेळ अंदाजे असा: पहिला १५ मिनिटं, दुसरा ३०, तिसरा २५, चौथा २५, पाचवा १०, तपासणीला १५. जानेवारीपासून आठवड्याला एक पेपर घड्याळ लावून सोडवा, आणि तपासून झाल्यावर चुकांच्या वहीत नोंद होईपर्यंत पुढचा घेऊ नका. नुसते पंधरा पेपर सोडवण्यापेक्षा नीट तपासलेले सहा जास्त देऊन जातात.

फक्त पास व्हायचंय. आधी काय करू?

परीक्षेला दोन महिने असतील आणि सगळंच कच्चं असेल तर हा क्रम घ्या: सांख्यिकी, संभाव्यता, भौमितिक रचना, निर्देशक भूमितीतली अंतर, विभाजन आणि चढाची सूत्रं, श्रेढी, मग रेषीय समीकरणं. या धड्यांत ठरावीक पायऱ्या असतात आणि मागचं फारसं लागत नाही. समरूपता आणि वर्तुळातली अवघड सिद्धता शेवटी. पुस्तकातल्या सगळ्या कृती दोनदा सोडवा. कुठलाही प्रश्न कोरा सोडू नका. सूत्र लिहून किमती घातल्या तरी गुण मिळू शकतात.

क्लास लावावा का?

मूल स्वतः बसून अडत असेल आणि घरात शंका सोडवणारं कुणी नसेल तर लावा. मूल अजिबात बसतच नसेल तर क्लासने ते बदलत नाही. फक्त बसण्याची जागा बदलते. निवडताना निकालाचे फलक पाहू नका, तीन गोष्टी विचारा: एका तुकडीत किती मुलं, वह्या कोण आणि किती दिवसांनी तपासतं, आणि मूल चुकलं तर पुढे काय होतं. शाळा, क्लास आणि प्रवास यानंतर स्वतः सोडवायला रोज अर्धा तासही उरत नसेल, तर तो क्लास नुकसान करतोय.

सेमीच्या मुलाला शाब्दिक उदाहरणंच जमत नाहीत.

अशा मुलाला तेच उदाहरण मराठीत वाचून दाखवा. लगेच मांडता आलं तर अडचण गणिताची नाही, वाचनाची आहे. ‘एक्सीड्स बाय’, ‘ॲट लीस्ट’, ‘रिस्पेक्टिव्हली’, ‘कॉन्सेक्युटिव्ह’ असे तीसेक शब्द आणि त्यांच्यासमोर एकेक छोटं समीकरण, अशी यादी वहीच्या मागच्या पानावर करा. मराठीतही मांडता येत नसेल तर एक वाक्य, एक ओळ अशी सवय लावा: पहिल्या वाक्यात कोणती संख्या माहीत नाही? तिला क्ष म्हणू. दुसऱ्या वाक्यात तिच्याबद्दल काय म्हटलंय?

‘मला गणित जमतच नाही’ म्हणतो. समजूत काढून उपयोग होत नाही.

समजुतीने होणारही नाही, कारण त्याच्याकडे पुरावा आहे: दोन वर्षांचे पेपर. त्याला दुसरा पुरावा लागतो. गोडी लागली की सराव करील, अशी वाट पाहू नका. आधी थोडं जमावं लागतं. म्हणून सुरुवातीला अशी उदाहरणं निवडा की दहापैकी सातआठ त्याची त्याला सुटतील आणि दोनतीन अडवतील. सगळी सुटली तर ‘सोपी होती’ म्हणून किंमत राहत नाही, निम्मी अडली तर वही मिटते.

ध्येय गुणांचं नको, कामाचं ठेवा. ‘९० हवेत’ यावर आज संध्याकाळी काही करता येत नाही. ‘आज कंसाची आठ उदाहरणं’ यावर येतं. महिन्यापूर्वीची पहिली चाचणी जपून ठेवा आणि तीच पुन्हा द्या. दोन कागद शेजारी ठेवले की बोलायची गरज पडत नाही.

कौतुक करताना ‘हुशार आहेस’ म्हणू नका; पुढच्या वेळी चुकलं की त्याचाच अर्थ ‘हुशार नाही’ असा लागतो. ‘यावेळी कंस एका ओळीत नीट सोडवलास’ असं नेमकं बोला. ‘आमच्या घरात कुणालाच गणित येत नव्हतं’ हे वाक्य मायेने म्हटलं जातं, पण मुलाला ती सुटका वाटते. मुलींच्या बाबतीत ‘पुढे कॉमर्सच घ्यायचंय ना’ हेही तसंच. आणि शेजारच्या प्रथमेशचे गुण जेवताना काढायचे नाहीत, एवढं पथ्य पाळलं तरी खूप.

परीक्षेत हातपाय गळतात, येत असलेलंही आठवत नाही.

घड्याळ लावून केलेला सराव हे यावरचं मुख्य औषध. भीती बरीचशी अनोळखीपणाची असते. पेपर हाती आल्यावर सूत्रं कच्च्या कामाच्या जागी लगेच लिहून काढा, म्हणजे ती आठवत ठेवण्याचा ताण उतरतो. मग जे नक्की येतं तिथून सुरुवात करा. आदल्या रात्री नवं काही घेऊ नका आणि सात तास झोपा. घाम, उलटी, रडू असं दर परीक्षेला होत असेल तर शाळेच्या समुपदेशकांशी किंवा डॉक्टरांशी बोला. तो अभ्यासाचा प्रश्न राहिलेला नाही.

गणित सोडवून देणारी ॲप वापरू द्यावीत का?

उत्तर ताडून पाहायला हरकत नाही, तेही स्वतः लिहून झाल्यावर. आधी फोटो काढला की वर सांगितलेला गाईडचाच प्रकार होतो, फक्त जास्त वेगाने. पुस्तकातले क्यूआर कोड दीक्षा ॲपवर स्कॅन केले की त्या धड्याचं साहित्य मिळतं. व्हिडिओ पाहताना उदाहरण फळ्यावर आलं की थांबवा, स्वतः करा, मग पुढे चालवा.

मुलीला शाळेचं गणित फारच सोपं जातं आणि कंटाळा येतो. तिला काय द्यावं?

पुढच्या इयत्तेचं पुस्तक देऊ नका. तिथेही तेच होईल, वर्षभर उशिरा. तिला खोल जाणारे प्रश्न द्या. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी शोधलेली ही गंमत सुरुवातीला चांगली आहे. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढता क्रम वजा करा आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ − २३४५ = ३०८७; ८७३० − ०३७८ = ८३५२; ८५३२ − २३५८ = ६१७४. पुढे ६१७४ च येत राहते. कुठूनही निघालात तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच पोहोचता. आता तिला विचारा: तीन अंकी संख्यांत काय होतं? आणि दर उत्तराला ९ ने भाग का जातो? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आठवीच्या बीजगणितात सिद्ध करता येतं.

स्पर्धांची आवड असेल तर शिष्यवृत्ती परीक्षा आहेच. त्यापुढे गणित ऑलिंपियाडची वाट आयओक्यूएम या पहिल्या परीक्षेपासून सुरू होते. राष्ट्रीय पातळीवर ऑलिंपियाडची सूत्रं मुंबईतल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडे असतात, आणि पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान अशा मुलांना शिकवतं. तिथला एकेक प्रश्न दोनदोन दिवस डोक्यात फिरतो. पहिल्या वर्षी निवड झाली नाही म्हणून थांबवू नका. शाळेत कधीच न अडलेल्या मुलांना अडून बसण्याची सवय व्हायला वेळ लागतो.